लोणारच्या काठावरचं वेटोळं

कार्तिक सरत आला होता. उन्हाला हळदीचा रंग चढला होता, आणि ते मंद, मधुर, सुवर्णपीत ऊन लोणारच्या विशाल विवरात काठाकाठानं उतरत होतं. सागाच्या पानापानावर थबकत, बाभळीच्या काट्याकाट्यात अडत, खाली, आणखी खाली, जिथं ते खारं, हिरवं, निश्चल पाणी युगायुगांपासून आकाशाकडे एकटक बघत पडलंय, तिथवर. कधीकाळी नभातून एक धगधगती शिळा निखळली आणि धरित्रीच्या छातीत हे एवढं वर्तुळ कोरून गेली. त्या वर्तुळाच्या काठावर, भर दुपारी, एक पोरगी घाबरून बसली होती.

सुमेधा मापारी तिचं नाव. गावातल्या घरात मोबाइलची रेंज दाराशी येते आणि दारातूनच परत जाते, म्हणून ती इथं, एका काळ्या सपाट दगडावर मोबाइल टेकवून, पुण्याच्या एका संशोधनसंस्थेच्या प्रवेशाच्या मुलाखतीसाठी व्हिडिओ फोनची वाट बघत होती. शेजारी तिची माय गिरजाबाई काळी छत्री उघडून उभी होती. सावली लेकीवर नव्हे हो, मोबाइलवर. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही.

विषय म्हणाल तर गणितातलं बैजिक संस्थितिविज्ञान, इंग्रजीत अल्जेब्राइक टोपॉलॉजी. अरे बापरे! नावानंच माणसाला धाप लागावी. या विद्येत चहाचा कप आणि मेदूवडा एकच मानतात, आणि असं म्हणणारी माणसं चांगली शुद्धीवर असतात. का एकच? तर कपाच्या कानात एक आरपार भोक, वड्याच्या पोटात एक. आकार ताणा, वाकवा, चेपा, हवं ते करा. फक्त फाडायचा नाही, चिकटवायचा नाही. मग काही केल्या जे पुसलं जात नाही, ते भोक. आणि ते ओळखायचं कसं? दोऱ्याचं एक वेटोळं टाकायचं, दोन्ही टोकं मुठीत धरायची, हळूहळू ओढायचं. दोरा सरकत सरकत सगळा हातात आला, तर मध्ये काही नव्हतं. अडला, तर तिथं भोक आहे. एवढी साधी, एवढी सुंदर गोष्ट! सुमेधाचा तिच्यावर जीव जडला होता.

पण नुसता जीव जडून काय होतं? गेल्या वर्षी याच संस्थेनं तिला परत पाठवलं होतं. तिनं व्याख्या धडाधड म्हणून दाखवल्या होत्या, सिद्धांत घोकून घोकून गुळगुळीत केले होते, आणि समोरून कुणीतरी शांतपणे म्हणालं होतं, "पाठ केलंत. पाहिलं नाहीत." वर्षभर ते वाक्य तिला सलत होतं. गावात विचारायला कोण, सांगायला कोण? एकटीनंच वाचलं, एकटीनंच रेघोट्या ओढल्या, एकटीनंच पुसल्या. यंदा वयाची मर्यादा संपत होती. आज हुकलं की दार कायमचं बंद, हे तिला ठाऊक होतं.

आणि गिरजाबाई? नवरा गेल्यापासून घरात दोघीच. तिनं देवीला नारळ बोलला होता, पोरीचं व्हावं म्हणून. आणि होऊ नये म्हणून, मनातल्या मनात, चोरून, दुसरा. आईच्या काळजाला कोण नावं ठेवणार?

फोन वाजला. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक बाई आल्या. शेवडे मॅडम, आज मुलाखत घेणार त्याच.

"तुमच्या मागे ते काय दिसतंय?"

"लोणारचं सरोवर, मॅडम."

"अरे वा! मग पुस्तक राहू द्या बाजूला. या काठावरून एक दोरा फिरवून आणा. जमीन आणि पाणी मिळून हा एकच पृष्ठभाग समजा, आणि दोरा त्याला सोडून उचलायचा नाही. ओढला तर काय होईल?"

सुमेधाला वाटलं, देवीच पावली! आपलं अंगण, आपला प्रश्न. "अडेल, मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली, "मध्ये एवढं मोठं विवर आहे ना. भोक आहे हे."

"नक्की?"

एवढंच विचारलं बाईंनी. पण हा 'नक्की' फार वाईट शब्द आहे बघा. परीक्षकाच्या तोंडून तो निघाला की अर्धा जीव तिथंच जातो. वारा थांबला, पानं थांबली, दूर ओरडणारा मोरही थांबला. काय चुकलं? कुठं चुकलं? गेलं का सगळं?

ही चूक लोणारच्या माणसाचीच होती. इथं जन्मलेला माणूस या विवराला वळसा घालत वाढतो. शाळेला जायचं, काठानं. पाहुण्याला वाट सांगायची, काठानं. मधून कुणी जात नाही, म्हणून मध्ये काही नाहीच असं मनात घट्ट बसतं. परमुलखातला माणूस आला असता तर त्याला पहिल्या नजरेत कळलं असतं.

"काहून वं, तोंड उतरलं तुहं?" गिरजाबाई हळूच म्हणाली.

"थांब ना, माय."

आणि तिनं मान वळवली. पडद्याकडून विवराकडे. भीतीनं डोळे भरले होते, तरी त्या भरल्या डोळ्यांनीच तिनं काठावर एक अदृश्य दोरा टाकला आणि हळूच सैल सोडला. तो उतरू लागला. सागांमधून उतरला, चिंचेच्या छायेतून उतरला, वानरांच्या वाटांनी, भग्न देवळांच्या पायऱ्यांनी उतरला. लहान होत, लहान होत, कमळजा देवीच्या उंबऱ्याशी आला. खाऱ्या चिखलावरून घसरला, हिरव्या जळावर पसरला, आक्रसत, आक्रसत, मधोमध एक ठिपका होऊन राहिला. कुठंही अडला नाही. अग बाई! नवरात्रात दरवर्षी आईचं बोट धरून आपण याच वाटेनं तर खाली जातो.

"चुकले, मॅडम," ती म्हणाली. "हे भोक नाही, खड्डा आहे. कितीही खोल असो, याला तळ आहे. दोरा तळाशी जाऊन मिटतो."

"हं. मग भोक कशाला म्हणाल? आत्ता तुमच्या नजरेसमोर आहे एखादं?"

सुमेधानं इकडंतिकडं पाहिलं. दगड, गवत, झुडपं. आणि माय. एका हातात छत्री, दुसरा हात कमरेवर, अवघडून, उन्हानं लाल होऊन, मुकाट उभी. तो हात आणि ती कंबर यांच्यामधून पलीकडचं आभाळ दिसत होतं, निळं, इवलं, आरपार.

"आहे, मॅडम. माझी आई उभी आहे इथं, कमरेवर हात ठेवून. त्या फटीतून दोरा ओवून तिच्या हाताभोवती वेटोळं टाकलं, तर ते निघणार नाही. खाली सरकवलं तर कमरेशी अडेल, वर नेलं तर खांद्याशी. कितीही ओढा. जोवर ती हात काढत नाही, तोवर नाही."

"आणि तिनं हात काढला तर?"

नुसता गणिताचा प्रश्न होता हो! पण सुमेधानं पुन्हा मायच्या हाताकडे पाहिलं. त्याच कडेवर बसून ती लहानाची मोठी झाली होती. त्याच हाताच्या वेढ्यात.

"तर बोटांवरून सुटेल, मॅडम," ती म्हणाली.

शेवडे मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "पत्र रीतसर येईल. जानेवारीत या. शाल आणा, पुण्याला तेव्हा थंडी असते."

पडदा काळा झाला. सुमेधाला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदमच आलं.

"काय म्हणू रायल्या वं त्या?"

"ये म्हणतात, माय. घेतलं मला."

"बरं झालं," गिरजाबाई म्हणाली. "लय बरं झालं." म्हणाली खरी, पण कमरेवरचा हात हलेना. वळलेली मूठ तशीच, ताणलेला कोपर तसाच, आणि डोळ्यांत पाणी काठोकाठ. लेक खाली मान घालून उभी राहिली. तिनं घाई केली नाही.

मग तो हात सुटला. हळूहळू सुटला. लेकीच्या चेहऱ्यावरून ओवाळत फिरला, दृष्ट काढून आईनं आपल्याच कानशिलावर बोटं कडाकडा मोडली, आणि तो हात खाली न येता तसाच हवेत राहिला, तळवा उघडा. कमरेशी आता हात नव्हता, दोरा अडवणारं काही नव्हतं. नुसता वारा होता, येणारा, जाणारा, मोकळा.