मुकुटाचं टोक

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर माझी मापाची व्हर्नियर, करवत, कोयता अशी सगळी हत्यारं मांडतात आणि मधोमध आजोबांचा बिल्ला. आजोबा म्हणजे आईचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत पडले तेव्हा आई दीड वर्षाची होती. देह आला नाही, फोटो कधी काढलाच नव्हता. टपालानं आला तो त्यांच्या टोपीचा पितळी बिल्ला, तेवढाच. माझी आई, मालनबाई, आता ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला जवळजवळ दिसत नाही. तरी वर्षातून एकदा तो बिल्ला डब्यातून काढून चिंचेनं घासायचा मान तिनं कुणाला दिलेला नाही.

यंदा ती घासता घासता थांबली.

"बिभीषणा, ह्यो माझ्या बाचा न्हाई."

"असं कसं, आई?"

"मुकुट बोटाला टोचतुया. माझ्या बाचा टोचत न्हाई."

मी हसलो. हसलो याची आज लाज वाटते. नगरला लष्कराचा तळ, त्यामुळे जुने बिल्ले इकडे पुष्कळ फिरतात आणि लोक ते घेऊन माझ्याकडे येतात. कुठल्या पलटणीचा, कधीचा, खरा की खोटा? नागापूरच्या एमआयडीसीत मी चौतीस वर्षं धातूवर ठसा उठवायच्या डाया कोरल्या, तेव्हा पितळ माझ्यापासून काही लपवू शकत नाही अशी माझी घमेंड. बिल्ला हातात घेऊन मी आईला शहाणपण शिकवलं. मुकुट आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. पन्नास सालानंतर मुकुट जाऊन सिंह आले. शिवाय अक्षरांच्या खाचांत हिरवा गंज बसलाय, म्हणजे जुनाच.

"हिरवा?" आई म्हणाली. "सत्तर वर्सं चिंचंनं घासतिया मी. हिरवा कसा व्हईल?"

माझं हसू तिथंच जिरलं. मी भिंग आणलं.

संग्राहक मंडळी जुना बिल्ला कधी घासत नाहीत. हिरवा थर दिसला की त्यांना भरवसा वाटतो. हा बिल्ला कुणीतरी मीठ नि व्हिनेगर लावून त्यांच्या रीतीनं जुना केला होता. आमच्या घरच्या रीतीनं जुना झालेला बिल्ला वेगळा दिसतो. आजोबांच्या बिल्ल्यावरचा मुकुट आईच्या अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालेला होता. मी बिल्ला उलटा केला. मागच्या दोन कड्यांचा डाख चकचकीत, अलीकडचा. आणि कड्यांच्या मध्ये बाजरीच्या दाण्याएवढी जागा कानशीनं घासून साफ केलेली.

ती जागा मी लगेच ओळखली. नकलेची डाय केली की मागच्या बाजूला नेमकी तिथं बारीक फुली कोरायची, म्हणजे पुढं कुणाची फसगत होत नाही, हा माझा नियम.

मे महिन्यात ज्ञानेश्वर आला होता. तीस वर्षांचा दोस्त. बिल्ले ओळखायला मीच त्याला शिकवलं आणि आईच्या हातच्या भाकरी त्यानं माझ्यापेक्षा जास्त खाल्ल्या असतील. "माजी सैनिकांच्या मेळाव्यात घरच्यांना स्मृतिचिन्हं द्यायचीत," म्हणाला, "नमुन्याला आजोबांचा बिल्ला दे आणि डाय तू कोर." मी विरघळलो. आठ दिवस राबलो, एक पैसा घेतला नाही. झिजलेला मुकुट हौसेनं मूळच्यासारखा टोकदार कोरला. काम झाल्यावर त्यानंच बिल्ला फडक्यात गुंडाळून आईच्या हातात ठेवला आणि वर तिच्या पाया पडला.

तर या बिल्ल्याचं मूळ, नागापूर. वय, पाच महिने. कारागीर मी.

हात चिंचेनं बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"ज्ञान्या, आजोबांचा बिल्ला कुठंय?"

"कळलं वाटतं. चिडू नको रे. बाहेरच्या देशातल्या एकाला दिला. तो काचेच्या कपाटात जपून ठेवील. तुमच्याकडं घासून घासून वाटोळंच चाललं होतं त्याचं. आणि आईला आता कुठं दिसतंय?"

पाया पडताना याला काहीच कसं वाटलं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"तुझा वाटा काढून ठेवलाय," तो म्हणाला. "डाय तूच केलीस ना? मी काय एकट्यानं केलं का हे?"

मी फोन बंद केला. आई पाटासमोर तशीच बसली होती. तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.

"तुझा बी वाटा हाय?"

"नाही गं आई. मला फसवलं त्यानं."

"डाय तू केलीस?"

"केली, पण..."

"मंजी तुमी दोघांनी मिळून माझ्या बाला इकलं."

मी नाही म्हणालो. तिच्या गळ्याची शपथ घेतली, देवाची घेतली. ती उठायला लागली. नेहमीप्रमाणे मी हात पुढं केला. तिनं तो चाचपला, माझाच आहे हे ओळखलं आणि सोडून दिला.

"सविता," तिनं माझ्या बायकोला हाक मारली, "मला आत ने गं."