आठ तासांची झोप

अग्निशमन केंद्राच्या कवायतमास्तरांचा एक हट्ट होता. उमेदवाराने उपाशीपोटी यायचं, पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून सहा मजले धावत चढायचे आणि आधी-नंतर बोट टोचून साखर दाखवायची. मेहनतीने साखर उतरतेच, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ज्याची चढली तो चोरून खाऊन आला, आणि असली खोटारडी माणसं त्यांना आगीजवळ नको होती.

बोट टोचणारी नर्स तिथे बारा वर्षं होती. साखर चढायला घासच लागतो असं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जागरण, धास्ती, जीव तोडून मारलेली धाव. धडधाकट माणसालाही एवढं पुरतं. म्हणून तर तिने तक्त्यात झोपेचा रकाना भांडून घालून घेतला होता. तिथे कमी झोप दिसली की मास्तर कुरकुरत का होईना, दुसरी संधी देत.

आज शेवटची उमेदवार तिची भावजय होती. नोकरी लागली की केंद्रामागची खोली मिळणार, भाऊ-भावजय वेगळे होणार. मग अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं हगणंमुतणं कुणाच्या गळ्यात? या विचाराने नर्सला आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं. काल तिने डोकं दुखतंय म्हणून भावजयीला रात्रभर वडिलांच्या उशाशी बसवलं आणि स्वतः दार लावून पहाटेपर्यंत घोरत पडली. सकाळी भावजयीच्या झोपेच्या रकान्यात तिने न विचारताच लिहिलं: आठ तास.

भावजय सगळ्यांपेक्षा कमी वेळात सहाव्या मजल्यावर पोचली. साखर अठ्ठ्याऐंशीची एकशे चौतीस झाली होती.

"काय खाल्लंस?" मास्तरांनी विचारलं.

"काहीच नाही, साहेब. ताईंना विचारा, आम्ही घरून बरोबरच निघालो."

मास्तरांनी तक्ता पाहिला आणि ते नर्सकडे वळले.

"माझ्यासमोर तरी नाही," नर्स म्हणाली.

मास्तरांनी नावावर काट मारली. घरच्या माणसालाही पाठीशी घातलं नाही, याबद्दल त्यांनी चारचौघांत नर्सचं कौतुक केलं. तिने ते खाली मान घालून घेतलं.

घरी जाताना भावजय हळूच म्हणाली, "ताई, खरंच नव्हतं हो खाल्लं. तुमचा तरी विश्वास आहे ना?"

"आहे गं. चल लवकर, बाबांची चादर बदलायचीय."

भावजयीचे डोळे भरून आले. एवढं तरी कुणी म्हटलं म्हणून तिने नर्सची पिशवीसुद्धा आपल्या हातात घेतली.