चार बोटं जागा

आईचं प्रार्थनांचं पुस्तक घरोघरी उशाशी असतं. ती गेल्यावर नवी आवृत्ती काढायचं ठरलं आणि प्रुफं तपासायला मामा बसले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, चर्चचे निवृत्त पाळक. मंडळीनं त्यांना निवृत्त केलं, तेव्हापासून ते आमच्या मानगुटीवर आहेत.

छापखान्यात मी पानं चाळली आणि माझं डोकंच फिरलं. प्रत्येक प्रार्थनेखाली मामांनी पेन्सिलीनं ठसठशीत 'आमेन' लिहून ठेवलं होतं. आईच्या एकाही प्रार्थनेला आमेन नाही. खाली चार बोटं कोरी जागा. ती म्हणायची, "माझं सांगून झालं, आता ज्याचं त्यानं देवाशी बोलावं." लोक त्या जागेत मुलांची नावं, दुखणी, परीक्षा, काय काय लिहून ठेवतात.

"मामा, हे काय करून ठेवलंत?"

"ताई विसरायची. आमेनशिवाय प्रार्थना म्हणजे दार न लावता घराबाहेर पडणं."

"विसरायची नाही. दार मुद्दाम उघडं ठेवायची."

"मला शिकवू नकोस. हल्ली चर्चला तरी येतेस का?"

बरोबर वर्मावर बोट ठेवलं. आई गेल्यापासून माझ्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द निघाला नव्हता. देवावर रागावले होते, सरळ सांगते. परत बोलायचं झालंच, तर त्या कोऱ्या जागेतूनच बोलता आलं असतं. तीच मामा बुजवत होते.

मशीनवाला दारात खोळंबला होता. "ताई, छापायला घेऊ का?"

"थांबा जरा. मामा, एक वाचून दाखवा. तुमचं आमेन सोडून."

अर्धवट वाटतं हे सिद्ध करायलाच मामांनी चष्मा चढवला. आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसासाठी आईनं लिहिलेली प्रार्थना त्यांनी खणखणीत आवाजात वाचली. शेवटी आले आणि ओठांवरचं आमेन त्यांनी कसंबसं गिळलं.

"प्रभू," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं. "आई तुझ्याकडे आहे. तिला साखर आहे, चहा जपून दे. आणि तिला सांग, तिच्याशिवाय मला करमत नाही."

"आमेन," मामा हळूच म्हणाले.

मग चष्मा पुसत ते मशीनवाल्याकडे वळले. "खोडरबर आहे का रे? मोठा दे."