दुधाळ नळीवरची चिठ्ठी

या, जरा पुढे सरकून बसा. तिकडे भिंतीला टेकलात तर डुलकी लागेल, आणि ही गोष्ट अर्धवट झोपेत ऐकण्यासारखी नाही. आज अशा एका माणसाची कथा सांगतो, ज्याने चोरी केली नाही की कुणाला लुबाडलं नाही. डोळ्यांना एक दिसलं आणि त्याने खरं मात्र मनातलं धरलं, एवढंच. पण तेवढ्याने त्याची मान खाली गेली ती गेलीच.

हा गृहस्थ रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. वीस वर्षं नळ्या हाताळून केस पिकलेले. सगळे त्याला मामा म्हणत.

एका सकाळी दोन सख्ख्या बहिणी उपाशीपोटी त्याच्यापुढे येऊन बसल्या. त्यांचे वडील पोटाच्या दुखण्याने दोन दिवसांत गेले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोघींचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. थोरली शिवणकाम करायची. अंगाने भरभक्कम, खुर्ची कुरकुरायच्या आत स्वतःच हसून घेणारी. धाकटी एका ग्रंथालयात कामाला, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. थोरली हात पुढे करत म्हणाली की मामा, लांब सुई घ्या, रक्तापर्यंतची वाट फार दूरची आहे. धाकटी हसली, मामाही हसला, आणि त्या हसण्यातच त्याने दोन नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

यंत्रात फिरवून नळ्या बाहेर काढल्या, की रक्त तळाला बसतं आणि वर पाणी राहतं. एका नळीतलं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं होतं. दुसरीतलं दुधासारखं पांढरं. रक्तात चरबी तरंगत असली की असं होतं. आणि त्या पांढऱ्या नळीवर नाव होतं काडीसारख्या धाकटीचं.

मामाच्या मनात आलं, झाली वाटतं अदलाबदल हसण्याच्या नादात. शंका आली तर रक्त पुन्हा घ्यायचं, असा नियम होता. पण त्या बायकांना पुन्हा उपाशी बोलवा, पुन्हा टोचा, वर आपला गोंधळ चारचौघांत सांगा, हे करायचं कुणी? त्याने नखाने दोन्ही चिठ्ठ्या सोलल्या आणि एकमेकींच्या जागी लावल्या. चूक सुधारल्याचं समाधान घेऊन तो चहाला गेला.

सहा आठवड्यांनी थोरली एकटीच आली. गाल बसलेले, अंगठ्याला पट्टी. अहवाल बघून डॉक्टरीणबाईंनी पथ्य दिलं होतं: सकाळी वाटीभर कण्या, रात्री नुसतं सार, तेलाचा थेंब नाही, वर गोळ्या. घेरी येऊन शिलाई मशीनची सुई अंगठ्यातून आरपार गेली होती. मामाने सहज विचारलं, आधी जेवण कसं होतं? ती म्हणाली की आधीही वेळेवरच जेवत होते, भाजी, डाळ, अंडं, मूठभर दाणे. रोज दोन मैल चालतही होते. हे अंग तर लहानपणापासूनचं. धाकटी मात्र दिवसभर बिस्किटं आणि गोड चहावर राहते, पण बघा, तिचं रक्त कसं लख्ख निघालं. मग जाता जाता म्हणाली, हल्ली तिच्या पोटात कळा येतात. अहवाल चांगला म्हणून कुणी मनावर घेत नाही. आमच्या वडिलांचंही असंच झालं होतं. तेही काटकुळेच होते.

मामाने नळी फिरवली. पाणी स्वच्छ निघालं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पथ्य लागू पडलं म्हणाल्या, आणखी थोडं आवळू या. मामाने मान डोलावली आणि तो बाहेर आला; पहिल्या चिठ्ठ्याच बरोबर होत्या, हे त्याला कळून चुकलं होतं.

इथे थांबा आणि त्याच्याकडे बघा. आता तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. सुधारणा औषधाच्या नावावर जमा झाली असती. डबा उघडून तो बसला, पण घास काही उचलेना. नखाखाली चिठ्ठीचा डिंक अजून आहे असं वाटून तो हात धूत राहिला. शेवटी ओल्या हातांनीच डॉक्टरीणबाईंच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी फोन लावला, धाकटीला आत्ता आणा म्हणून. तिचं रक्त घेतलं, तर नळी पुन्हा दुधाळ. त्याच दुपारी तिला दाखल करून घेतलं. बाईंनी दोघींना समजावलं की खाल्लेली चरबी शरीराला कुठेतरी ठेवावी लागते. थोरलीकडे ऐसपैस कोठार आहे, तिथे ती नीट रचली जाते आणि चालण्या-राबण्यात खर्च होते; उद्याचं सांगता येत नाही, लक्ष ठेवू, पण आज तिचं रक्त निर्मळ आहे. धाकटीकडे कोठारच अपुरं, त्यात घरात चालत आलेला दोष आणि गोडाचा मारा. म्हणून चरबी रक्तात भटकते, यकृतात घुसते, आणि फार वाढली तर पोटातली स्वादुपिंड नावाची ग्रंथी सुजून जिवावर बेततं. पथ्य हवं होतं ते हिला. थोरलीचं पहिलं जेवणच बरोबर होतं.

"म्हणजे सहा आठवडे मी हिचं पथ्य केलं?" थोरली म्हणाली. कुणी हसलं नाही.

मग ती मामाकडे वळली. "चिठ्ठी आधी बरोबर लावली होतीत ना?"

"हो, ताई."

"मग बदललीत कशावरून?"

मामा नखं खरवडू लागला.

"मला बघून," तीच म्हणाली. "नेहमी मीच आधी विनोद करते ना, मामा. दुसऱ्याने करायच्या आत."

"तुम्हाला बघून," मामा म्हणाला.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. धाकटीच्या खाटेपाशी जाऊन तिचे पाय दाबत बसली. धाकटी वाचली, चार दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं बाई म्हणाल्या. मामाने आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून वरिष्ठांना दिली, आणि पुढे तो थोरलीसमोर आला की नमस्कार करून बाजूला व्हायचा, नजर वर न करता.

माझ्या माय-बापांनो, आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या थोरलीची आठवण करा. भरल्या घरात सहा आठवडे ती अर्धपोटी उठली, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं की दोष आपलाच आहे.