ताईच्या घराचं रंगकाम

भावोजी घर सोडून गेले ते टेम्पो घेऊनच गेले. सोफा, जेवणाचं टेबल, दोन्ही पलंग, कपाटं, इतकंच काय, बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्चीही त्यांनी नेली. सगळं त्यांनीच घेतलेलं होतं, त्यामुळे भांडायलाही काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताईचा धाकट्या बहिणीला फोन आला. रडणं नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाली, "बसायला काही नाही गं घरात. मी बॅगेवर बसलेय."

धाकटीचं कामच जुन्या फर्निचरचं. कुणी टाकून दिलेलं, मोडकं, किडकं सामान उचलायचं, घासायचं, भेगा बुजवायच्या, रंगवायचं आणि त्यावर वेली-पाखरं काढायची. दुसऱ्या गावात तिने एका सुताराबरोबर शेड भाड्याने घेतली होती. सुतार उंचीने अगदीच बेताचा, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. तो सांधे जुळवणार, ही रंगवणार, असं ठरलं होतं. काम सुरू व्हायला महिना होता.

"ताईचं घर लावून देते आणि येतेच," ती लंबूला म्हणाली. "एक महिना धर."

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. ताईने कॉलेज सोडलं. धाकटीच्या वेण्या घातल्या, डबे भरले, तापात उशाशी बसली. हे ताईने आयुष्यात एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

पहिला महिना फार छान गेला. "नवीन काही नको," ताई म्हणाली. "नव्या वस्तूला आपल्याकडून अपेक्षा असतात." दोघी जुन्या बाजारात जायच्या, गाद्यांच्या ढिगाऱ्यामागे, गंजक्या पत्र्यांखाली हात घालून शोधायच्या. एका बंद पडलेल्या दवाखान्याचं औषधांचं कपाट मिळालं, चोवीस छोट्या खणांचं. शाळेचा एक लांब बाक मिळाला. त्यावर कुणीतरी कर्कटकाने 'गणित' असं कोरून त्यावर फुली मारली होती. आरसा ढगाळलेलं एक ड्रेसिंग टेबल मिळालं. त्यात बघून ताई म्हणाली, "हा आरसा सभ्य आहे. सगळं सांगत नाही."

किती दिवसांनी ती हसली होती.

धाकटीने कपाट गर्द निळं रंगवलं आणि चोवीस खणांवर चोवीस पाखरं काढली. बाक तसाच ठेवला, नुसतं मेण लावून चमकवला. जेवणाच्या गोल टेबलाला लाखेचं पॉलिश केलं. ताईला तिने घासकागद कसा फिरवायचा ते शिकवलं, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हलक्या हाताने. ताई लवकर शिकली. रिकामं घर खायला उठत होतं, ते आता माणसात आलं. शेजारच्या बायका बघायला येऊन गेल्या.

महिना संपला. निघायच्या दिवशी सकाळी टेबलावर पांढरट गोल डाग दिसला.

"अगं, गरम पातेलं ठेवलं गेलं," ताई म्हणाली. "माझं लक्षच कुठे असतं हल्ली! पण तू जा. डाग काय, राहील तसाच."

डाग तसा सोडून जाणं धाकटीच्या हातून होण्यासारखं नव्हतं. तिने तिकीट रद्द केलं. पॉलिश उतरवून पुन्हा चढवायला आठवडा गेला. मग ड्रेसिंग टेबलावर फुलदाणी उपडी झाली आणि वरचा पातळ थर फुगून आला. तो चिकटवून होतोय तोवर ताईने बाजारातून एक आरामखुर्ची आणली, मग एक तिपाई, मग जाळीचं कपाट. "एवढं एक कर," ती म्हणायची. "मग तू मोकळी."

तिसऱ्या महिन्यात एका बंद झालेल्या हॉटेलातून तीन दारांचं अवाढव्य कपाट आलं. चार हमालांनी ते पॅसेजपर्यंत आणलं आणि तिथे ते अडकलं. ना पुढे, ना मागे. "सध्या राहू दे तिथेच," ताई म्हणाली. ते राहिलं. धाकटीच्या खोलीचं दार त्यामुळे वीतभरच उघडायचं. ती पोट आत घेऊन, खेकड्यासारखी आडवी होऊन आत-बाहेर करायची. खोलीतल्या खिडकीसमोर आधीच पुस्तकांची मांडणी उभी केलेली होती, त्यामुळे भर दुपारी तिला दिवा लावावा लागे. दिव्याच्या उजेडात रंग कळत नाहीत. हिरवा काळपट दिसतो. ती रंगाचा डबा घेऊन पुन्हा आडवी होऊन बाहेर यायची, बाल्कनीत जाऊन बघायची आणि परत जायची.

लंबूचे फोन येत राहिले. "मी इथे एकटा सांधे जुळवतोय," तो म्हणायचा. "सगळी कपाटं उघडी-नागडी उभी आहेत. लोक विचारतात, कपडे कधी घालणार?"

"आठ दिवस," ती म्हणायची.

"आठ म्हणजे किती?"

ती फोन ठेवून पुन्हा ब्रश उचलायची.

साडेतीन महिने झाले आणि एक दिवस ती मेण आणायला बाहेर पडली. दुकान बंद होतं, म्हणून पाच मिनिटांत परत आली. दार नुसतं लोटलेलं होतं. निळ्या कपाटासमोर ताई जमिनीवर बसली होती. हातात खिळा. ती एका पाखराच्या पंखावर ओरखडे काढत होती, रागाने नाही, फार जपून. एक ओरखडा काढायची, बोटाने भुकटी पुसायची, मान तिरपी करून बघायची. दुरुस्त होईल इतकंच. लहानपणी धाकटीच्या तळव्यातला काटा काढताना तिचा चेहरा असाच व्हायचा.

धाकटी आवाज न करता मागे सरली. दोन जिने उतरली, खाली थांबली, मग वर येऊन तिने बेल वाजवली.

"आलीस? बरं झालं," ताई म्हणाली. "अगं, त्या पाखराला काय झालं बघ ना."

"बघते," धाकटी म्हणाली.

तिने पंख दुरुस्त केला. पुढच्या आठवड्यात शेपटी. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खणावरची चोच. ती मूग गिळून रंगवत राहिली. बोललं तर ताई कोसळेल, न बोललं तर आपण इथेच म्हाताऱ्या होऊ, या दोन विचारांच्या मध्ये, पॅसेजमधल्या त्या कपाटासारखी, तीही अडकली होती. कधीकधी तिला वाटायचं की आपल्यालाही कुणीतरी उचलून आणलंय, घासून-पुसून या घरात बसवलंय, आणि आपली जागा आता ठरलेली आहे.

पाच महिने झाले तेव्हा लंबू न सांगताच आला. ताईने त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. चहा संपवून तो सवयीने निळ्या कपाटावरून हात फिरवू लागला. एका खणापाशी त्याचं बोट थांबलं.

"हे खिळ्याने केलंय," तो म्हणाला.

"लंबू, राहू दे," धाकटी घाईने म्हणाली.

"अगं, राहू दे काय? वरून रंग दिलाय, पण खाली चर लागतोय हाताला. एकदा नाही, चार-पाच वेळा झालंय. घरात लहान मूल आहे का कुणी?"

ताईने कप खाली ठेवला. "मीच केलंय," ती म्हणाली.

लंबूने हात मागे घेतला. ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते ताईच्या लगेच लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दीड महिना झाला."

धाकटीला वाटलं, आता ही रडेल. ताई रडली नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला. "दीड महिना? आणि तू रोज माझ्यासमोर बसून शांतपणे रंगवत होतीस? मला येड्यात काढत होतीस?"

"मी काढत होते? खिळा कुणाच्या हातात होता, ताई?"

"मी तुला थांबवत होते. तू मला फसवत होतीस. फरक आहे!"

"मला दया येत होती तुझी."

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. ताई उठून उभी राहिली. साडेपाच फुटांची ती बाई त्या क्षणी लंबूला दारापेक्षा उंच वाटली, असं तो नंतर सांगायचा.

"माझी दया करायला तुला वाढवलं नाही मी," ताई म्हणाली. पहिल्यांदाच ती हे बोलली होती. "कुठे आहे तुझी बॅग?"

बॅग खोलीत होती. ताई पॅसेजमध्ये गेली, आडवी होऊन आत शिरली, भराभर कपडे कोंबल्याचे आवाज आले. मग बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली. मग आतून आवाज आला, "निघत नाहीये."

भरलेली बॅग दाराच्या फटीतून बाहेर येईना. बॅगेमागे अडकलेल्या ताईलाही बाहेर येता येईना. लंबूने कपाटाचं माप डोळ्यांनी घेतलं, पिशवीतून पेचकस काढला आणि मधलं दार खोलायला बसला. बिजागऱ्या गंजल्या होत्या. धाकटी तेल सोडत होती, तो पेच फिरवत होता, आतून ताई सूचना देत होती, "डावीकडचा आधी काढा. डावीकडचा म्हणजे माझ्या डावीकडचा!" दार निघालं, मग दुसरं, मग वरची फळी. तासाभराने कपाटाचा सांगाडा उरला. तिघांनी मिळून तो हातभर सरकवला. ताई बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत लाकडाचा भुसा होता. धाकटीला तो झटकावासा वाटला. तिने झटकला नाही.

दारात ताई म्हणाली, "डबा भरायला वेळच मिळाला नाही."

"खाऊ काहीतरी वाटेत."

"हं."

बस सुटली. लंबू शेजारी बसून शेडबद्दल बोलत होता आणि ती मनात ताईच्या घरातून फिरत होती, बाकाला वळसा, तिपाई ओलांडून, मग आडवी.

दीड महिना ताईचा फोन आला नाही. धाकटीने केला तर उचलायची नाही. मग एक दिवस आला. धाकटीची खोली तिने एका नर्सला भाड्याने दिली होती. ती नर्स मोठ्याने बोलायची, भांडी आपटायची, सुटीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत झोपायची. ताईकडे तक्रारींचा साठाच तयार झाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला फोन यायचा. धाकटी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, शेडबाहेर जाऊन उभी राहायची आणि ऐकायची, अर्धा तास, कधी पाऊण. लंबूने एकदा म्हटलं, "सांग ना, कामात आहे म्हणून." तिने प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी पाचला ती पुन्हा शेडबाहेर जाऊन उभी राहिली.

"आज तिने निळ्या कपाटावर ओला टॉवेल टाकला," ताई म्हणाली.

"टाकू दे."

"अगं, रंग जाईल."

"जाऊ दे, ताई."

मागे नर्सच्या हसण्याचा आवाज येत होता.

"मग तू येशील का?"

"नाही," धाकटी म्हणाली. फोन मात्र तिने कानाशी तसाच धरला. पलीकडून ताईनेही ठेवला नाही.