मोजणीला हजर

रांजणावरचं झाकण खण्णकन वाजलं आणि लामुसा दचकली. तालातानं पाणी घेतलं होतं, एवढंच. सहा वर्षांची पोर, पण तीन दिवस आईबरोबर खोलीत बसून तीही मुकी झाली होती.

मोजणीवाले येणार होते. वागाडुगू या राजधानीच्या शहराच्या या टोकाला कालपरवापर्यंत ज्वारी उभी होती. आता नजर जाईल तिथवर मातीच्या एकेका खोलीची घरं. पुढं कधीतरी या जमिनीचे रीतसर तुकडे पडणार, आणि तुकडा त्यालाच, ज्याच्या भिंतीवर आकडा. मोजणीवेळी ओळखपत्र घेऊन माणूस दारात दिसला तर आकडा, कुलूप दिसलं तर पुढं. लामुसाचा नवरा आयव्हरी कोस्टला, कोकोच्या मळ्यात. म्हणजे घर धरून बसायचं ते तिनंच.

आणि परवा गावाकडून भावाचा फोन आला होता.

"ताई, आईनं अन्न सोडलंय. सारखी तुलाच हाका मारते. ये गं."

"येते रे. आकडा पडू दे, तशीच निघते. तिला म्हणावं, थोडं थांब."

"असं कुणी थांबतं का, ताई?"

जायला एक दिवस, यायला एक. तेवढ्यात मोजणीवाले येऊन गेले तर?

"काय गं गुलामे, अंडी उबवतेस का?" शेजारची बर्नादेत दारातून ओरडली. ती सामो, ही मोसी. या दोन जमातींची थट्टा पिढ्यान्‌पिढ्यांची, एकमेकींना गुलाम म्हटल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडायचा नाही.

"मालकिणीशी असं बोलतात होय?" लामुसा कशीबशी म्हणाली.

"जा तू आईकडं. मी बसते इथं."

"ओळखपत्रावर तुझं थोबाड आहे का?"

"नाही बाई. नशीब माझं!"

मोजणीवाले दुपारी आले. एकानं ओळखपत्र पाहिलं, दुसऱ्यानं लाल रंगात कुंचला बुडवून भिंतीवर आकडा ओढला, २२१४. पाणी प्यायलाही थांबले नाहीत.

लामुसानं भराभर गाठोडं बांधलं. तालाताच्या पायात चपला सरकवत होती तोच फोन वाजला.

"सकाळीच गेली," भाऊ म्हणाला. "ऊन फार होतं, ठेवता येईना. मातीही देऊन झाली." मग त्यानंच विचारलं, "आकडा पडला का?"

"पडला."

बर्नादेत धावत आली. मोसीच्या घरात मरण आलं की सामोनं हसवायचं, ही रीतच. "लबाड म्हातारी," तिनं सुरुवात केली, "मालकिणीला न विचारता पळाली... आता माझी भांडी कोण..." ती उंबऱ्यावर बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. लामुसाला मात्र रडूही येईना. ती गाठोड्याची गाठ सोडत राहिली. घाईत मारलेली गाठ, सुटता सुटेना.

तालातानं एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहू दिली.

"आई," ती म्हणाली, "मी मोठी झाले आणि तू मला आजीसारख्याच हाका मारल्यास, तर मी यायचं, का घर धरून बसायचं?"