खालचा थर

नव्या मुलीला संशोधन गटात घ्यायचं की नाही, ते सर शुक्रवारी ठरवणार होते. तोवर ती पाहुणी. बसायला खिडकीजवळचं स्टूल मिळालं होतं आणि काम म्हणून सीनियरचा अर्क: झाडाच्या सालीतून काढलेला, त्यातला एकच पदार्थ वेगळा करायचा. सीनियर तिच्याहून थोडीच मोठी, पण सगळ्यांच्या मागे लागायची म्हणून प्रयोगशाळेत तिला काकू म्हणत.

गुरुवारी मुलीने अर्कात पाणी आणि क्लोरोफॉर्म घालून खाली तोटी असलेलं बंद फनेल हलवलं. थर वेगळे झाल्यावर तोटी उघडली, खालचं पाणी कचऱ्याच्या कॅनमध्ये सोडलं, वरचा थर ठेवला. हात सराईत होते. कॉलेजात हेच केलेलं. फक्त तिथे ईथर असायचं, आणि ईथर पाण्यावर तरंगतं.

वरच्या थरात तिने ओलावा शोषणारं मीठ टाकलं. ते तळाशी भुरभुरीत राहायला हवं होतं. विरघळलं. आणखी टाकलं, तेही विरघळलं.

मीठ विरघळतं ते पाण्यात. तिने ठेवलं होतं ते पाणी. क्लोरोफॉर्म जड, तो आधीच खाली गेला होता, सगळा अर्क घेऊन.

तेवढ्यात दादाचा फोन. "काय गं, झालं का पक्कं? आई गावभर सांगत सुटलीय."

"उद्या कळेल."

"आवाज असा का?"

"उभी आहे म्हणून."

ती सिंकपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. धुतलेले हात पुन्हा धुतले. अर्क कमी निघाला, असं सांगता आलं असतं. कमी निघतोच कधीकधी.

"काकू, मी खालचा थर फेकला."

"पाणी समजून?"

"हो."

"अख्खा उन्हाळा साल दळत बसले होते मी! डोकं कुठे गहाण टाकलं होतंस?" काकू ताडकन उठली. "कॅन हलवू नकोस. तळातलं नळीने ओढू."

ओढलेल्यात सगळ्यांचाच कचरा आला. थेंबभर घेऊन तपासणीच्या पट्टीवर चढवलं. दिव्याखाली गोवर उठल्यासारखे डागच डाग. मागे सर कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. मुलीने झालं ते सांगितलं.

"यातला आपला कुठला?" सरांनी विचारलं.

तिचं बोट मधल्या डागाकडे गेलं आणि थांबलं. "माहीत नाही. शेजारी शुद्ध नमुना लावायला हवा होता."

"काकू, हिला प्रयोगशाळेची चावी दे. हे एका दिवसात निस्तरणारं नाही."

"म्हणजे, सर, मी..."

"आहेस गटात. हे डाग वेगळे करायला कॉलम लाव."

"आणि नाहीच निघालं तर?"

"तर साल तू दळायची," काकू म्हणाली.

कॉलम लावून झाल्यावर दादाला कळवायला तिने फोन काढला, तसाच ठेवला. कॉलममधून पहिला थेंब लोंबत होता, अगदी रंगहीन. त्यात काही असेल की नाही, सांगता येत नव्हतं. तिने घाईघाईने परीक्षानळी खाली धरली.